जाळीच्या मशीनची घोडी

“अजून खंय हलता, दाजी?”

सगुणने गुडघ्यांवर बसून, मान वर करून विचारलं.

दाजी मेस्त्री पडवीच्या खांबाला टेकून घोडीकडे बघत राहिले...

घोडी म्हणजे जनावर नव्हे. सुतार ज्या चौपायी मांडणीवर काम ठेवतो, तिला आमच्याकडे घोडी म्हणतात. ही घोडी सगुणने नव्या मशीनसाठी बांधली होती. मशीन कोल्हापूरहून आणलेलं, विजेवरचं, तारेसारखं बारीक पातं वर-खाली नाचवून लाकडात जाळी कापणारं. नुसतं जमिनीवर ठेवलं की ते वासरासारखं उड्या मारत पुढे सरकायचं. त्याला एका जागी धरून ठेवायला घोडी हवीच होती.

माझी पिठाची गिरणी दाजींच्या पडवीला लागूनच. त्यामुळे तिथलं सगळं मला बसल्या जागी दिसायचं. नाही दिसलं तर ऐकू यायचं, आणि ऐकूही नाही आलं तर मी उठून जायचो.

त्या वर्षी जत्रेत देवीच्या पालखीची पुढची जाळी मोडली होती. वेलीची जाळी. दाजींनी तरुणपणी हातकरवतीने कापलेली, जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या अंगठ्याने दाबून धरून. गावकरांचा, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांचा, निरोप आला, जाळी दाजींच्याच हातची हवी. नसेल जमत तर शहरातून तयार आणू.

आणि दाजींचा उजवा हात पावसाळ्यापासून थरथरत होता. चहाची बशी ओठांपर्यंत पोचेस्तोवर अर्धी सांडायची.

सगुण त्यांचा शिष्य. चड्डीत आला तो पडवीतच मोठा झाला. जाळी कापण्यात आता त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण दाजी असताना पालखीला हात लावणार नाही, हा त्याचा हट्ट. मशीनवर पातं सरळच राहतं, माणसाने नुसतं लाकूड पुढे सरकवायचं. घोडी पक्की झाली की दाजींचा हात पुन्हा चालेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. हट्टात माया होती. थोडा ताठाही होता. ‘गुरूचा हात मी चालवून दाखवतो,’ असं तो मला एकदा म्हणालाही.

मी म्हटलं, “चालव बाबा. मगे माझी कंबर पण बघ.”

तो हसला नाही.

घोडी मात्र देखणी झाली होती. फणसाच्या जुन्या वाशाचे पाय, खाली फाकवलेले. सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून केलेले, खिळा औषधालाही नाही. खाली वाळूने भरलेली पेटी. पायांच्या तळाशी मोटारसायकलच्या ट्यूबचे तुकडे.

“भाऊ, गिरण बंद करा वायच!” सगुण ओरडला.

हे नेहमीचंच झालं होतं. गिरणीने पडवीची जमीन हादरायची, आणि त्याला घोडीची परीक्षा घ्यायची असायची. मी पट्टा उतरवला. नाचणी अर्धी दळून राहिली. वाट बघणाऱ्या बायका माझ्या नावाने बोटं मोडू लागल्या.

सगुणने घोडीच्या वरच्या फळीवर मशीनच्या शेजारी पाण्याने भरलेली वाटी ठेवली. बटण दाबलं.

मशीन घुरघुरलं. पातं नाचायला लागलं. वाटीतलं पाणी जागचं हललं नाही.

आम्ही सगळे बघत राहिलो. दळणाच्या बायकासुद्धा पुढे आल्या.

“बघा, दाजी. थेंब हलना नाय.”

दाजी खांब सोडून आले. त्यांनी वाटीशेजारी फळीवर आपला उजवा हात टेकला.

पाणी थरथरलं.

सगुणने घाईने मशीन बंद केलं. पाणी थरथरतच राहिलं...

“ता तुमच्या हातान,” सगुण हळूच म्हणाला. “घोडीचो दोष नाय, दाजी.”

“होय.”

“मी आणखी वाळू भरतंय. फळी जाड घालतंय.”

“घाल.” दाजी म्हणाले. “किती जाड घालशीत?”

सगुण फळीची जाडी बोटांनी मोजू लागला.

दाजींनी लाकडाचा एक तुकडा उचलला आणि मशीनसमोर उभे राहिले, काम करायला राहतात तसे. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. फळी त्यांच्या छातीला लागत होती. लाकूड धरायला त्यांनी कोपरं उचलली, तसे खांदे कानांपर्यंत गेले. पाठीत वाकलेला म्हातारा माणूस, फडताळातल्या लाडवांना हात घालणाऱ्या पोरासारखा दिसला. एक बाई फिसकन हसली आणि मग पदर तोंडाला लावून गप्प झाली.

“सगुण...”

“काय, दाजी?”

“घोडी कोणाच्या मापान केलंस?”

सुतार घोडीचं माप टेपने घेत नाहीत. ज्याने काम करायचं त्याने सरळ उभं राहायचं, कोपर वाकवायचं, आणि त्याच्याखाली चार बोटं सोडून खूण करायची. सगुणने खूण केली तेव्हा मी तिथेच होतो. वाशाला पाठ लावून तो स्वतःच उभा राहिला होता, सवयीने. दाजी तेव्हा आत निजले होते. दोन पावलांवर.

सगुणचा चेहरा खर्रकन उतरला.

“चुकलंय... मी चुकलंय, दाजी.”

तो करवत घेऊन आला आणि घोडीच्या पायाशी बसला. “आताच कापतंय. एक वीत कापलंय की तुमच्या मापाची होतली.”

करवतीचे दात लाकडाला टेकणार, इतक्यात दाजींनी आपला पाय पुढे केला. करवत टेकणार होती तिथेच अनवाणी तळवा ठेवला.

“थांब.”

“पण चूक झाली ना माझ्या हातान!”

“तुझो हात चुकना नाय,” दाजी म्हणाले. “चुकलंय म्हणणारा तोंड चुकता.”

सगुणने करवत मांडीवर घेतली...

“तू इलंस तेवा माझी घोडी तुझ्या कपाळाक लागायची,” दाजी म्हणाले. “मी पाय कापलंय तिचे?”

“नाय.”

“मगे काय केलंय?”

मला ते दिवस लख्ख आठवले. आईच्या ओच्यातून सुटून आलेलं ते पोर एकावर एक ठेवलेल्या दोन उंच पाटांवर चढून करवत धरायचं. मी गिरणीतून ओरडायचो, “सगुणबुवा, आज मुहूर्त कितीचो? अंतरपाट धरूक कोण येता?” तो लाजून लाल व्हायचा, पण पाटावरून उतरायचा नाही. मग एक पाट गेला. मग एका दिवाळीत दुसराही गेला, आणि तो गेला हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. शिवणीच्या लाकडाच्या भुशाचा वास, दाजींच्या करवतीचा तो कुरकुर आवाज आणि माझ्या पट्ट्याची फटफट... त्या वेळी वाटायचं, हे सगळं असंच चालणार आहे.

“पाट दिल्यात,” सगुण म्हणाला.

आणि त्याच्या तोंडावर एकदम उजेड पडला. करवत टाकून तो आत पळाला. माळ्यावर काहीतरी धडाधड कोसळलं. तो बाहेर आला तो जुना पाट घेऊन, केसांत कोळिष्टकं. अंगातल्या सदऱ्याने त्याने पाट पुसला, मशीनसमोर दाजींच्या पायांपाशी नीट मांडला आणि त्यांना आधाराला हात दिला.

“चढा, दाजी.”

मला वाटलं, सुटलं कोडं. बायकांनाही वाटलं असावं. कोणीतरी “देवी पावली” असंही म्हणालं.

दाजींनी पाटाकडे बघितलं. त्यावर मधोमध लाकूड जरा झिजलेलं होतं, लहान पावलांनी झिजतं तेवढंच.

मग ते वाकले. त्यांनी पाट थरथरत्या हाताने उचलला, तिथून बाजूला नेला, घोडीच्या डाव्या अंगाला भिंतीशी ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसले. बसताना हुश्श केलं. शेतावरून आलेला माणूस करतो तसं.

“ती वाटी दी,” ते म्हणाले.

सगुणने दिली. दाजींनी त्यातलं पाणी पिऊन टाकलं. थोडं सदऱ्यावर सांडलं.

“भाऊ,” त्यांनी मला हाक मारली, “गिरण चालू कर. बायो खोळंबल्यात.”

“पण दाजी, गिरण चालू झाली की हयसर सगळा हलता!” सगुण म्हणाला.

“हलांदे.”

मी जाऊन पट्टा चढवला आणि परत दारात आलो. जमीन नेहमीसारखी हादरू लागली. सगुण मशीनसमोर उभाच होता, हात लोंबकळत. फळी बरोबर त्याच्या कोपराखाली होती, चार बोटं सोडून. पालखीच्या जाळीसाठी ठेवलेलं शिवणीचं लाकूड शेजारी पडलं होतं. सगुणने तिकडे बघितलं नाही.

दाजी त्या पाटावर बसलेले मला अजून दिसतात. आता ते नाहीत. माझी गिरणीही बंद झाली, लोक पिठाची पिशवी दुकानातून आणतात. जत्रेत पालखी दारावरून जाते तेव्हा सगळे देवीला हात जोडतात आणि मी आधी जाळीकडे बघतो. सगुणने कापलेल्या वेलीचं एक पान गिरणीच्या हादऱ्याने जरा तिरकं गेलंय. कुठलं ते मला ठाऊक आहे. ते बघून माझे डोळे भरतात, आणि भरतात तर भरू देत.

पण त्या सकाळी ते पान अजून लाकडातच होतं, आणि सगुणच्या डोळ्यांत पाणी होतं.

“दाजी...” तो म्हणाला. “गावकार इचारतले. जाळी कोणाच्या हातची, म्हणान इचारतले. मी काय सांगू?”

दाजींनी थरथरता उजवा हात मांडीवर ठेवला. त्याच्यावर डावा ठेवला. भिंतीला पाठ लावली.

“पाट बसूक असता, झिला,” ते म्हणाले. “उभो तू रव.”