हरिणी सभेत गप्प बसली

डोंगरउतारावरच्या एका रानात एक हरिणी राहत असे. तिला आठ दिवसांचे पाडस होते. त्याला उंच गवतात लपवून ती चरायला जाई, पण सगळा जीव मागे अडकलेला. मुलांनो, तिला आधार होता झाडावरच्या वानरांचा. बिबट्या दिसला की वानरे वरून ओरडत आणि हरणे सावध होत. हरणांना त्याचा वास आधी आला तर ती ओरडत आणि वानरे वरच्या फांद्या गाठत. दोघांचे देव मात्र वेगळे. वानरे शेंड्यावर बसून सूर्याला हात जोडत, हरणे मान लववून धरणीला वंदन करीत.

एके सकाळी वंदन चालू असताना वरून एक अर्धवट खाल्लेले फळ नेमके कळपाच्या म्होरक्याच्या शिंगांवर आदळून धरणीवर पडले. झाले! दोन्ही जमाती सभेला बसल्या. "आमच्या देवाच्या अंगावर उष्टे टाकता?" म्होरक्या गरजला. एक वानर दात काढून म्हणाला, "अहो, त्याच देवाला तुम्ही दिवसभर पायांखाली तुडवता की!" "आणि तुमचा देव? ढग आला की पळतो!" एक हरीण उसळले. दुपार कलली तरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात शिरेना. हरिणीला वाटले, यांच्या हाकेने आपली किती पिल्ले वाचली आणि आपल्या हाकेने यांची किती, एवढे तरी कोणी विचारा ना! तिने तोंड उघडलेही. पण शेजारची म्हातारी हरिणी म्हणाली, "तू गप गं. कालची पोर तू, देवाधर्मातलं तुला काय कळतं?" हरिणी गप्प बसली. शेवटी ठरले, ज्याची हाक त्याच्यापुरती. परक्यांच्या हाकेवर जो कान टवकारील, तो बाटला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी झाडावरून ओरडा आला. हरिणीने चरता चरता मान वर केली. ती वळली, तोच मागून कोणीतरी म्हणाले, "काय गं, निघालीस सूर्याला हात जोडायला?" सगळा कळप हसला. हरिणी शरमली. तिने मान खाली घालून दोन घास चावले. तेवढाच काय तो उशीर. मग मात्र तिला राहवेना, ती धावत सुटली. गवत आडवे झाले होते. पाडस निजले होते ती जागा अजून उबदार होती.

वरच्या फांदीवर एक वानरी आपले पिल्लू पोटाशी कवटाळून बसली होती. ती रडत म्हणाली, "अगं बाई, ठरलं होतं तरी ओरडले गं मी! घसा फुटेस्तोवर ओरडले. तुला ऐकू आलं नाही का?"

"आलं गं," हरिणी म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा सभा भरली. पाडस कोणाच्या देवाच्या कोपाने गेले, यावर मोठा वाद रंगला. हरिणीला कोणी काही विचारले नाही.

तात्पर्य : देवाधर्माची बोलणी जिंकण्यासाठी होऊ लागली, की शहाणपण कोपऱ्यात गप्प बसते, आणि त्याचे भोग, ज्यांना अजून कोणताच देव कळत नाही, त्या लेकरांच्या वाट्याला येतात.