छपराची नाव

फार फार वर्षांपूर्वी नद्यांवर पूल नव्हते आणि माणसाला पलीकडे जायचं तर नदीची मर्जी सांभाळावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. लॅपटॉपच्या दुकानात उभं राहून 'पुढचं मॉडेल कधी येतंय हो?' असं विचारणाऱ्यांना वाटतं, हा प्रश्न आपल्याच काळात जन्मला. छे! तो त्या नदीच्या काठावरही विचारला जात होता.

एका रुंद नदीकाठी एक गाव होतं. नदी ओलांडायला गावाकडे होती एक सांगड. मोठाले वाळलेले भोपळे एकत्र बांधायचे, वर बांबूची ताटी टाकायची, तिच्यावर माणसं बसवायची आणि एका भोयाने पोहत पोहत ती पलीकडे ढकलत न्यायची. हिवाळ्यात हे ठीक होतं. पावसाळ्यात मात्र सांगडीवर बसलेला माणूस जे डोळे मिटून घेई, ते पलीकडे पाय टेकल्यावरच उघडी.

लोकांना पार नेण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या याच गावाचा होता. पलीकडच्या गावाने स्वतःची नाव ठेवायची नाही, असा रिवाज होता. त्यामुळे नाव कधी घ्यायची हे दोन्ही काठांसाठी एकच माणूस ठरवी. तो म्हणजे या गावाचा मुखिया.

मुखिया शहाणा होता. निदान गाव तसं म्हणे, आणि त्यालाही ते पटलेलं होतं.

दर हिवाळ्याच्या शेवटी वरच्या अंगाचा एक सुतार नवी नाव घेऊन नदीतून खाली येई. नावेच्या बदल्यात द्यायला गावाने धान्याची एक कणगी केव्हाच भरून ठेवली होती. घोडं अडलं होतं ते फक्त मुखियाच्या शहाणपणापाशी.

पहिल्या वर्षी सुताराने आणलेली नाव बोजड होती. तिचा तळ सपाट होता, वळायला ती आळशी होती, आणि सांध्यातून थोडं पाणीही झिरपत होतं.

"पुढच्या वर्षी याहून चांगली करशील का रे?" मुखियाने विचारलं.

सुतार खोटं बोलणारा नव्हता. "करेन की. तळ निमुळता करेन, म्हणजे पाणी कापत जाईल."

"मग आम्ही पुढच्या वर्षी घेऊ."

ती बोजड नाव खालच्या अंगाच्या एका गावाने घेतली. तिथले लोक सांध्यात चिंध्या कोंबायचे, आत साठलेलं पाणी तांब्याने उपसायचे आणि पार जायचे. मुखियाच्या गावाला हसायला तेवढं कारण पुरलं. "नाव कसली, ढोरांची गव्हाण आहे ती!" असं म्हणून पोरंसोरंसुद्धा नाकं मुरडत.

दुसऱ्या वर्षी निमुळत्या तळाची नाव आली. सुतार म्हणाला, "पुढच्या खेपेला काठ उंच करतो. लाट आत येणार नाही." मुखिया थांबला. तिसऱ्या वर्षी खरंच उंच काठांची नाव आली, आणि गावाने मान डोलावली. मुखियाचं दर वर्षी खरं ठरत होतं. पुढची नाव आधीच्या नावेपेक्षा चांगलीच निघत होती.

या मुखियाला एकच लेक होती आणि ती पलीकडच्या गावी दिलेली होती. तिसऱ्या वर्षीची नाव काठाला लागली, तेव्हा ती माहेरी आलेली होती. ती बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, यंदा नाव घ्याच. मला दिवस गेलेत. सासरी ओटी भरली की बाळंतपणाला इकडे यायचंय, आणि सातवा महिना ऐन आषाढात येतोय. मला त्या सांगडीची भीती वाटते हो."

मुखियाचे डोळे भरून आले. तो तडक सुताराकडे गेला. नाव त्याने आतून-बाहेरून पाहिली, काठावर हात फिरवला. आणि मग, नेहमीच्या सवयीने, त्याने विचारलं, "पुढच्या वर्षी काय करणार आहेस?"

"छप्पर," सुतार म्हणाला. "बायामाणसांना, लेकरांना ऊन-पाऊस लागणार नाही."

मुखिया लेकीकडे वळला. "ऐकलंस ना पोरी? बाळाला घेऊन सासरी जाशील ती छपराच्या नावेतून. नातवंडाच्या अंगावर पावसाचा थेंब पडू द्यायचा नाही मला. एक पावसाळा कळ काढ. तुझी आजीसुद्धा सांगडीवरूनच आली ना या गावात?"

लेक त्याच सांगडीवरून सासरी परतली. बापाच्या मायेपुढे काय बोलणार?

मुखियाला दुष्ट म्हणू नका. लेकीवर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच तो थांबला. मला या गोष्टीतलं सगळ्यात वाईट वाटतं ते हेच.

आषाढ आला. नदी गढूळ झाली, फुगली. ओटी भरून लेक पलीकडच्या काठावर सांगडीवर बसली. अलीकडच्या काठावर आई भाकरतुकडा घेऊन उभी होती, शेजारी मुखिया उभा होता. लेकीने लांबून हात हलवला.

मधल्या धारेत एक ओंडका वाहत आला आणि सांगडीवर आदळला. दोन भोपळे फुटले. ताटी कलंडली. भोयाने बुड्या मारमारून शोधलं, पण गढूळ पाण्यात त्याच्या हाताला लागला तो फक्त लुगड्याचा पदर, आणि तोही सुटला. काठावर माणसं होती, दोर होते, पट्टीचे पोहणारे होते. पाण्यात घालायला नाव नव्हती.

पाणी उतरल्यावर खालच्या गावाच्या लोकांना ती सापडली. ते तिला घेऊन आले. ज्या नावेतून आणलं ती सपाट तळाची होती, आणि तिच्या सांध्यांत चिंध्या कोंबलेल्या होत्या.

मुखिया त्या नावेकडे नुसता बघत राहिला. त्याची बायको त्याला एवढंच म्हणाली, "तुम्ही तिच्यासाठीच थांबलात. पण तिला थांबता येत नव्हतं हो."

हिवाळा सरता सरता सुतार आला. छपराची नाव खरोखर देखणी होती. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. सवयीप्रमाणे तो सांगू लागला, "मुखिया, पुढच्या वर्षी मी हिला..."

"गप्प राहा!" मुखिया ओरडला. मग त्याने कणगीकडे बोट दाखवलं. "नाव इथेच ठेव. कणगी घेऊन जा."

भोयाने नाव पाण्यात ढकलली आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, "पहिली फेरी मुखियाची. बसा."

मुखियाने छपराखालच्या कोरड्या फळीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"पलीकडे आता माझं कोण आहे?" तो म्हणाला, आणि काठ चढून घरी गेला. त्या नावेत तो मरेपर्यंत बसला नाही.

बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: पुढची वस्तू नेहमीच अधिक चांगली असणार आहे, पण गरज आजची असेल तर आज मिळते तीच घ्यावी.