चढणीची पायली

घोणसगड एवढा उंच, की पायथ्याच्या बाजारातून चार पायल्या जोंधळा वर चढवला तर त्यातली एक पायली हमाल ठेवून घ्यायचा. रीतच होती ती. पगार मात्र गडावरच्या शिपायांना राजधानीतल्या शिपायांइतकाच. गडावर स्वयंपाक करणाऱ्या तुळसाबाईला भाकऱ्या मोजून वाढाव्या लागत. पहाऱ्यावरून आलेला एक शिपाई पाणी पिऊनच उठला, त्या दिवशी तिने पदर खोचला. तीन दिवस चालून दरबार गाठला. रिकाम्या हाताने परतायचं नाही, हे तिने निघतानाच ठरवलं होतं.

तिचं गाऱ्हाणं ऐकून दिवाण त्रिंबकपंत हसले. "बाई, रुपयावर छाप महाराजांचीच. गड चढताना तो झिजतो की काय?"

"झिजत नसेल, तर आम्हाला रुपये नकोतच," तुळसाबाई म्हणाली. "त्या रुपयांत राजधानीत जेवढा जोंधळा येतो, तेवढा गडाच्या दरवाजात पोचवा."

रोकड वाचणार म्हणून पंतांना सौदा फायद्याचा वाटला. महाराजांसमोरच त्यांनी होकार भरला आणि कारकुनाला लिहायला सांगितलं.

कारकून मध्येच अडला. "पंत, आणि चढणीची हमाली? चारांत एक पायली जाते."

पंत गडबडले. "ती आम्ही का म्हणून भरायची?"

"आजवर आम्ही भरली, पंत," तुळसाबाई म्हणाली. "तेवढीच मागायला मी आले होते."

महाराज कारकुनाला म्हणाले, "लिही. हमाली सरकारची."