आंबेघोळचा पहिला घास

आंबेघोळला पाहुणा जेवायला बसला, की वाढणारी बाई त्याच्यासमोर उभी राहून भाजीचा पहिला घास स्वतः खाते. बाहेरचा माणूस बुजतो. एखाद्याला तो अपमानही वाटतो. मग देवळातले शिवराम गुरव त्याला पारावर बसवून घेतात आणि साळूची हकीकत सांगतात.

फार मागची गोष्ट. साळू ही लखू कडवाची बायको. भाजी करावी तर साळूने, असं गाव म्हणायचं. रानातला पाला, कोंब, शेंगा, ज्या ऋतूत जे उगवेल ते ती नुसत्या मीठ-मिरचीवर असं परतायची, की शेजारची पोरं घरची भाकरी घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसत.

एका वर्षी ज्येष्ठ सरता सरता घाटावरून लुटारूंची टोळी उतरली. एकवीस माणसं होती म्हणे. पेरणीला गेलेल्या गड्यांना त्यांनी शेतातच गाठलं. लखूने अंगावर आलेल्या घोड्याचा लगाम धरला, तर पहिल्या घावात त्याचा हात मनगटापासून तुटला आणि दुसऱ्यात मान. साळू न्याहारी घेऊन बांधावर उभी होती. तिने ते सगळं पाहिलं. बारा गडी त्या सकाळी पडले. चिखलातलं लाल पाणी बांध फोडून खालच्या खाचरात उतरलं, असं सांगतात.

मग टोळी गावात शिरली. कणग्या फोडल्या, बायकांच्या कानातलं पाळीसकट ओढून काढलं, आणि भूक लागली तशी त्यांनाच चुली पेटवायला लावल्या. भाकऱ्या झाल्या. म्होरक्या साळूला म्हणाला, "नुसती भाकरी कशी गिळायची? तोंडी लावायला कर काहीतरी."

साळूने पहाटेच रानातून टोपलीभर शेवळं आणली होती. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. चवीला मटणाच्या तोडीचे, पण जातीचे खाजरे. काकडाच्या आंबट फळांचा रस घालून शिजवले नाहीत, तर घसा आतून सुजतो. काकडंही शेजारीच द्रोणात होती. साळूने शेवळं सोलली, चिरली, फोडणीला टाकली. मग द्रोण उचलला आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर उपडा केला.

तिची सासू गोपाबाई समोरच बसली होती. तिने ते पाहिलं. पाट्यावर मूठभर मिरची वाटली, मग आणखी मूठभर घेतली. तिखटाच्या जाळात दुसरा जाळ लवकर कळत नाही, हे तिला ठाऊक होतं.

भाजी समोर आली तसा म्होरक्या म्हणाला, "आधी तू खा."

साळूने मोठा घास घेतला, चावला, गिळला. घशातून कुसळं ओढत नेल्यासारखं झालं. तिने भुवईसुद्धा हलू दिली नाही. तो अजून बघतच होता, म्हणून तिने दुसरा घास घेतला.

"तिखट आहे जरा," ती म्हणाली.

तेच तिचे शेवटचे शब्द.

उपाशी टोळी भाजीवर तुटून पडली. पातेलं निम्म्यावर आलं तेव्हा पहिला खोकला. मग जो तो गळा धरून रांजणाकडे धावला. पाणी घशाखाली उतरेना, श्वास आत जाईना. बायकांनी कोयते घेतले, मुसळं घेतली. गोपाबाईने लेकाला मारणाऱ्याचं डोकं वरवंट्याने फोडलं. म्होरक्याने तलवार उपसली, पण ती त्याला पेलेना. साळूने विळ्याने त्याचा गळा चिरला. एका घावात जमलं नाही. तीन लागले.

संध्याकाळी बायकांनी आपल्या बारा माणसांना अग्नी दिला. टोळीतला एकही गाव सोडून गेला नाही.

साळू पुढे चाळीस वर्षं जगली म्हणे. घसा बरा झाला, आवाज मात्र फिरून आला नाही. गावच्या सुनांना तिने साऱ्या रानभाज्या शिकवल्या, त्या हाताच्या खुणांनी.

आजही आंबेघोळची बाई पहिला घास गिळते आणि क्षणभर थांबते. मग मोठ्याने म्हणते, "बसा, जेवा." तिचा आवाज स्वच्छ ऐकू आल्याशिवाय पाहुण्याने भाकरी मोडायची नसते.