गल्लीच्या वरची नळी

एक बाई रोज नगरपालिकेच्या पायरीवर पाण्याची बाटली घेऊन बसे. नाव हौसाबाई. "नळाला गटाराचा वास येतोय, पण माझं कुणी खरं मानत नाही," एवढंच तिचं म्हणणं. बाटलीचं बूच उघडायची तसदीही कुणा साहेबाने घेतली नाही. मग तिची नात जुलाबांनी गेली. अहवालात कारण आलं : घरातील अस्वच्छता. नात गेली ती गेलीच, वर दोष आजीच्या माथी.

तो अहवाल नगरपालिकेत नळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या तुषारच्या संगणकातून निघाला होता. मन खाऊ लागलं तसा तो आपल्या गुरूंकडे गेला. गुरू म्हणजे त्र्यंबक सोनाळकर, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले अभियंते. संगणकातल्या नोंदींना प्रश्न विचारण्याची विद्या त्यांनीच त्याला दिली होती. ही नळी कोणत्या नळीला जोडली आहे? जे उत्तर येईल त्यालाच पुन्हा तोच प्रश्न, सगळ्यात वरची नळी येईपर्यंत.

"सर, आजारी घरं वेगवेगळ्या गल्ल्यांत आहेत. प्रश्न गल्लीपाशी थांबतो. समान असं काही सापडत नाही."

"थांबतो, की थांबवलास?"

"तुम्हीच शिकवलंत. किती नळ्या वर चढायचं याला मर्यादा घालावी, नाहीतर एखादी नोंद चुकली की प्रश्न गोल फिरत बसतो."

वृद्धाने मर्यादेची ओळ पुसून टाकली. तुषार चपापला.

"तीच नळी पुन्हा आली तर थांब, एवढंच सांग त्याला. बाकी चढू दे."

प्रश्न चढला. सगळ्या आजारी घरांच्या वाटा एकाच नळीला जाऊन मिळाल्या. मोठ्या गटाराच्या पोटातून नेलेली नळी. खाली मंजुरी देणाऱ्याचं नाव. ते वाचून तुषारने गुरूंकडे पाहिलं.

"सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाई वासाचं बोलते हे कानावर आलं तेव्हाच. रस्ता खोदावा लागू नये म्हणून तिथून नेली होती." वृद्ध खाली बघत म्हणाले, "मर्यादा गोल फिरणाऱ्या प्रश्नासाठी असते. मी ती चढणाऱ्या प्रश्नाला घालायला शिकवली. वर स्वतःचं नाव असलेल्या माणसाला मर्यादा फार प्रिय असते, बाळ. जा. आधी ती नळी बंद करायला लाव."

नळी बंद करवून तुषार पायरीशी आला. "मावशी, तुमच्यावरचा ठपका खोडला."

"मग कुणावर ठेवला?"

"ज्यानं नळीला मंजुरी दिली, त्याच्यावर."

"नाव घे," हौसाबाई म्हणाली. "माझं घेताना कुणाची जीभ अडखळली नव्हती."

"त्र्यंबक सोनाळकर."