भागूजीची दिसणारी काच

एका गावात भागूजी नावाचा एक भोळा जीपवाला राहत होता. इतका भोळा, की कुणी "वाट बघ" म्हणालं तर तो रस्त्याकडे बघत उभा राहायचा.

त्याच्या मेहुण्याचं, म्हणजे बायको हौसाच्या धाकट्या भावाचं, संपतचं लग्न ठरलं. नवरदेव आपल्याच जीपमधून जाणार, असं हौसानं माहेरी छाती काढून सांगितलं होतं. नवरीचे वडील आबा मांढरे भलतेच करारी. मुहूर्ताला नवरदेव उभा नसला तर लग्न मोडलं म्हणून समजा, असा त्यांचा निरोप होता.

लग्नाच्या दिवशी पहाटेच दोघं हौसाच्या माहेरी, तालुक्याच्या गावी निघाले. हौसा म्हणाली, "अवो, शुभकार्याला निघालोय. गाडीवर नारळ फोडा."

भागूजीनं नारळ उचलला आणि गाडीवर फोडला. समोरच्या काचेवर. नारळ फुटला नाही म्हणून पुन्हा मारला. मग काच फुटली.

हौसानं देवाला हात जोडले. तशाच गाडीतून माहेरी पोचल्यावर ती म्हणाली, "बिनकाचेच्या गाडीत नवरदेव कसा बसवायचा? जावा, नवी काच बसवून आणा. पण बाजारात सगळे लुटारू हायत. चार दुकानं पालथी घाला, मग ठरवा."

पहिलं दुकान पत्र्याच्या टपरीत होतं. भागूजीनं खांदा लावला. टपरी पालथी झाली. आतला मालक वरून खाली आला की खालून वर गेला, हे त्यालाही कळलं नाही. दुसऱ्या टपरीला खांदा लावायच्या आत लोकांनी भागूजीला धरलं.

"चारातलं एकच झालं," तो घरी येऊन हौसाला म्हणाला.

"देवा! अवो, दुकानाला हात लावायचा न्हाई. माल ठोकून-वाजवून घ्यायचा."

भागूजी दुसऱ्या दुकानात गेला. पाटीवर लिहिलं होतं, 'तालुक्यातील एकमेव प्रामाणिक दुकान'. मालकानं चांगली काच पुढे ठेवली. भागूजीनं पाना घेतला आणि ठोकली. वाजली छान. मालकही छान वाजला.

"अवो, काच कुणी ठोकतं का?" हौसा म्हणाली. "डोळ्यांत तेल घालून बघायची!"

भागूजीनं बाटलीभर खोबरेल घेतलं आणि तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर बसून दोन्ही डोळ्यांत ओतलं. ह्या दुकानाच्या पाटीवर 'फसवणूक झाल्यास आमची शाखा कोठेही नाही' असं लिहिलं होतं. मालकानं चाचपडणारं गिऱ्हाईक पाहिलं आणि त्याला कधी नव्हे तो देव आठवला.

"बघा, काचेवर एक तरी ओरखडा दिसतोय का?"

"मला काहीच दिसत न्हाई."

"म्हणजे नाहीच."

भागूजीला हे पटलं. मालकानं रिकाम्या चौकटीला नवं रबर लावलं, हवेवर फडकं फिरवलं आणि पैसे घेतले. थोड्या वेळानं डोळे जरा निवळले. वाटेत भागूजीच्या तोंडात माशी गेली. त्याला त्या माशीची कीव आली. काच इतकी स्वच्छ, की बिचारीला दिसलीच नाही.

हौसानं चौकटीतून हात घालून त्याचं नाक धरलं. "काच कुठाय?"

"हाय की. पारदर्शक हाय."

आता मात्र हौसा रडकुंडीला आली. मुहूर्त जवळ आला होता. संपत मुंडावळ्या बांधून ओट्यावर बसला होता. "शेवटचं सांगते," ती म्हणाली. "विश्वासाच्या माणसाकडनं काच बसवून घ्या. काच डोळ्यांना दिसली पायजे. आन गर्दीत कुणाशी अडून बसू नका. समोरच्याला आधी जाऊ द्या."

भागूजी बाजारात विचारत सुटला, "विश्वास कुठं भेटंल?"

"ह्या बाजारात?" लोक हसले. "एकच आहे. बोळाच्या तोंडाशी, न्हावी."

भागूजीला बरं वाटलं. अख्खं गाव ज्याच्या वस्तऱ्याखाली मान देतं, त्याच्याइतका विश्वासाचा माणूस दुसरा कोण असणार? तो विश्वासला म्हणाला, "काच बसवायचीय. पण दिसली पायजे."

विश्वासला दुकानातला जुना आरसा बदलायचाच होता. त्यानं तो काढून जीपच्या चौकटीत तारेनं आवळून दिला. "बघा, दिसते का?"

"झकास दिसते," भागूजी म्हणाला आणि गाडीत बसला.

बघतो तर समोर एक जीप. आत एक ड्रायव्हर. भागूजीनं हात केला, 'तुम्ही आधी.' त्यानंही हात केला, 'तुम्ही आधी.' भागूजीनं हात जोडले. त्यानंही जोडले. एवढा सभ्य माणूस तालुक्यात आजवर भेटला नव्हता. भागूजी इंजिन बंद करून थांबला.

वाट पाहून पाहून शेवटी हौसाच संपतला घेऊन धावत बोळात आली. दोघं पुढच्या सीटवर चढले. हौसानं समोर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बघ," भागूजी हळूच म्हणाला, "त्या बाईनंही मारला. तिच्या शेजारी नवरदेव हाय. त्यांनाही मुहूर्ताची घाई असणार."

हौसाच्या हातातला फोन वाजला. भागूजीनंच तो घेतला. नवरीचे वडील ओरडत होते, "अहो, अक्षता वाटून झाल्या! नवरदेव कुठाय?"

"आबा, आमचा नवरदेव तयार हाय," भागूजी म्हणाला. "पण आमच्या आधी एक दुसरा नवरदेव उभा हाय. आधी त्याचं लागू द्या. आम्ही मागनं येतो."



"बरं," आबा म्हणाले. "माझा भाचा उभाच आहे."

आणि फोनमधून मंगलाष्टकं ऐकू यायला लागली.