नरहरीकाकांचं ‘काहीच नाही’

देवघळ गावात एक वाचनालय होतं. वाचनालयात एकच लॅपटॉप होता आणि त्या लॅपटॉपवर पहारा होता नरहरीकाकांचा. लॅपटॉप कपाटात असायचा, कपाटाला कुलूप असायचं आणि कुलपाची किल्ली काकांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची.

काका पूर्वी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभं आयुष्य त्यांनी स्टँडवरच्या खिडकीत बसून काढलं. गाडी उशिरा येवो, घाटात बंद पडो, नाहीतर मुळीच न येवो, खिडकीतून उत्तर एकच यायचं, "आमच्याकडून काही नाही!" बिचाऱ्यांचं ते खरंही असायचं. पण जिभेला एकदा वळण लागलं की ते जात नाही. नोकरी संपली तरी घरात दूध उतू गेलं की काका स्वयंपाकघराच्या दारातून आधी सांगायचे, "मी काहीच केलं नाही."

एरवी माणूस मनाचा चांगला. त्याच गावात सर्जेराव गवंड्याची मुलगी होती, प्रणिता. तिला नकाशे काढायचं वेड होतं. देवघळची प्रत्येक विहीर, प्रत्येक पायवाट, प्रत्येक बांध तिनं चालून मोजला होता आणि मोठ्या कागदावर उतरवला होता. भूमापन शिकवणाऱ्या एका संस्थेनं तिला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत लॅपटॉपवर व्हायची होती. मोबाइल चालणार नाही, असं संस्थेनं बजावलं होतं. दिवस होता दसऱ्याच्या लगेच दुसरा, वेळ दुपारी तीनची. ती हुकली तर पुढची संधी वर्षानं.

काकांनी तिच्यासाठी कपाट उघडलं, तिला सरावाला बसवलं. आणि त्या दिवसापासून काळजी काकांनाच लागली. लॅपटॉप जुना. चालू होताना घरघर करायचा. मुलाखतीच्या ऐन वेळी त्यानं मान टाकली तर? काकांना जेवण गोड लागेना.

दसऱ्याला देवघळात हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांना झेंडूचा हार. सकाळी केरबा शिंपी हातात फुलं घेऊन वाचनालयात आला. म्हणाला, "काका, लॅपटॉपलाबी एक फूल वाहू की. वर्षभर पोरांच्या कामाला येतो."

काका त्याच्यावर उखडलेच. "यंत्राला काय कळतंय तुझं हळद-कुंकू? आत पाणी गेलं म्हणजे? खबरदार कुणी हात लावला तर!" केरबा ओशाळला आणि फुलं तशीच घेऊन परत गेला.

दुपारी गाव श्रीखंडावर ताव मारायला आपापल्या घरी गेलं. काकांनी वाचनालयाचं दार आतून लावलं, लॅपटॉप काढून पाटावर ठेवला, त्याला हळद-कुंकू लावलं, हार घातला आणि हात जोडले. "बाबा रे, उद्याचा दिवस निभावून ने. मग खुशाल बंद पड." पण डोळे उघडून बघतात तर काय, कुंकवाचा ओघळ थेट झाकणाच्या कडेपर्यंत आलेला! आता हे केरबानं पाहिलं तर? गावभर हसं होईल. काकांनी फडकं ओलं केलं आणि लॅपटॉप चारी बाजूंनी खसाखसा पुसला. हार पिशवीत कोंबला. कुलूप लावलं. कुणी पाहिलं नाही, म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी प्रणिता बाराच्या सुमारालाच आली. इस्त्रीचा ड्रेस, हातात गुंडाळलेला नकाशा. काकांनी लॅपटॉप उघडला. तो चालू झाला, आणि नेटवर्कच्या यादीत एकही नाव दिसेना.

वाचनालयाच्या इंटरनेटचे दिवे भिंतीवर नीट लुकलुकत होते. काकांच्या मोबाइलला नेटवर्क मिळत होतं. प्रणितानं स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून तो लॅपटॉपला खेटून ठेवला. तरी यादी कोरीच. गावभर नेट होतं आणि एकट्या लॅपटॉपला ते दिसत नव्हतं.

काकांनी तालुक्याला शबानाला फोन लावला. शबानाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि हा लॅपटॉप तिच्याच हाताखालून गेलेला होता.

"काका, घाबरू नका," शबाना म्हणाली. "आधी मला सांगा, काल-परवा त्याला कुणी काय केलं? पाडला, पुसला, हलवला?"

खरं तर हा प्रश्न म्हणजे अर्धी दुरुस्तीच होती. पण काकांच्या डोळ्यांपुढं केरबा शिंपी उभा राहिला, आणि जीभ तर तयारच होती.

"काहीच नाही," काका म्हणाले. "कुलपात होता."

"नक्की? कुणी हातसुद्धा लावला नाही?"

"सांगितलं ना, कुलपात होता!"

"मग बाहेरून काही झालेलं नाही. आतलंच बघावं लागेल," शबाना म्हणाली. तिला जे सांगितलं त्यावरून ती बिचारी दुसरं काय समजणार? तिनं लॅपटॉप बंद करून परत सुरू करायला लावला. यादी कोरीच. वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, काढून परत घालायला लावला. लॅपटॉप घरघरला, पडद्यावर एक चक्र कितीतरी वेळ फिरत राहिलं, आणि यादी पुन्हा कोरीच.

घड्याळ मात्र चालू होतं. प्रणिता नकाशाची गुंडाळी सोडत होती आणि परत गुंडाळत होती. काका खिडकीपाशी जात होते आणि परत येत होते. तिला तालुक्याला न्यावं म्हटलं, तर घाटात रस्त्याचं काम चाललं होतं आणि वाहतूक संध्याकाळपर्यंत बंद होती. दर खेपेला शबाना पुन्हा विचारायची, "काका, आठवून बघा, काही केलं होतं का?" आणि दर खेपेला काका म्हणायचे, "काहीच नाही." पहिल्यांदा ते सहज निघालं होतं. आता ओढून काढावं लागत होतं. कारण आता खरं सांगायचं, तर मघाशी खोटं बोललो हेही सांगावं लागणार होतं.

तीन वाजायला थोडाच वेळ राहिला. शबाना थकून म्हणाली, "काका, आतलं कार्ड गेलेलं दिसतंय. फोनवरून होण्यासारखं नाही हे. उद्या घेऊन या."

काका मटकन खुर्चीत बसले.

तेवढ्यात प्रणिता फोनपाशी वाकली. "शबानाताई, परवा मी त्याच्यावर सराव केला होता. माझ्याच हातून काहीतरी नको ते दाबलं गेलं असणार." मग ती काकांकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, माझी मुलाखत गेली तर गेली. पण माझ्यामुळं बिघडला म्हणून पुढं दुसऱ्या कुणाला लॅपटॉप द्यायचं बंद करू नका."

सगळी नोकरी काकांनी हेच मागितलं होतं, की दोष दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. आज एक पोर तो आपणहून घेत होती. आता त्यांना खोटंसुद्धा बोलायला नको होतं, नुसतं गप्प बसलं तरी भागलं असतं. आणि तेवढंच त्यांच्यानं होईना. त्यांना स्वतःची लाज वाटली. केरबा हसेल ही लाज या लाजेपुढं काहीच नव्हती.

"शबाना," काका म्हणाले, "मी काल पूजा केली."

"कशाची?"

"लॅपटॉपची. हळद-कुंकू लावलं. मग ओल्या फडक्यानं पुसला. चारी बाजूंनी, जोर लावून. हिनं काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं."

"अहो काका!" शबाना ओरडलीच. "हे बारा वाजता का नाही सांगितलं? समोरच्या कडेला खालून बोट फिरवा. एक बारीक बटण आहे, सरकवायचं. पुसताना सरकलंय ते!"

काकांनी बोट फिरवलं. बटण सापडलं. त्याच्या खाचेत हळदीचा कण अडकला होता. काकांनी ते नखानं सरकवलं. कडेचा नारिंगी दिवा निळा झाला, आणि पडद्यावर नावं उगवू लागली. आधी वाचनालयाचं, मग प्रणिताच्या मोबाइलचं आणि त्याखाली चक्क समोरच्या केरबा शिंप्याच्या दुकानाचं.

प्रणितानं डोळे पुसले, केस सारखे केले आणि मुलाखतीचं पान उघडलं. तीन वाजून गेले होते. पडद्यावर एक बाई दिसल्या. त्यांचा चेहरा त्रासलेला होता.

"उशीर का झाला?"

"मॅडम, नेटवर्कमुळं..." प्रणिता चाचरत म्हणाली. तिला काकांना सांभाळून घ्यायचं होतं.

काका मधेच पडद्यासमोर वाकले. आता त्यांना तितकं जड गेलं नाही. "मॅडम, नेटवर्क उत्तम आहे. वायफायचं बटण माझ्या हातून बंद झालं आणि मी ते लपवलं. मुलीचा काही दोष नाही."

बाईंनी चष्मा काढला. "सकाळपासून ज्याला-त्याला नेटवर्कनंच दगा दिलाय," त्या म्हणाल्या. "नेटवर्कचा दोष नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच. बसा बाहेर. हिची वेळ आम्ही वाढवून देतो."

काका पायरीवर जाऊन बसले. आत प्रणिता देवघळच्या विहिरी आणि पायवाटा दाखवत होती. सुरुवातीला तिचा आवाज अडखळत होता, मग तो ओढ्याच्या वळणापाशी सापडला आणि पुढं कुठं थांबला नाही. महिनाभरात तिला संस्थेचं बोलावणं आलं आणि ती शिकायला गेली.

पुढच्या दसऱ्याला लॅपटॉपची पूजा उघड्या दारानं झाली. पहिलं फूल काकांनी केरबाला वाहायला लावलं. पुसायला फडकं मात्र कोरडं घेतलं. कपाटाची किल्ली आता दाराशेजारच्या खिळ्याला असते.

एकदा केरबाच घाईघाईनं काकांकडं आला. "काका, लॅपटॉप अडकलाय. पण मी काहीच केलं नाही बरं का!"

काका हसले. त्यांनी त्याला शेजारची खुर्ची दिली आणि म्हणाले, "बस. आता काहीच नाही म्हणजे काय काय, ते आधी सांग."

तात्पर्य: आपल्या हातून काय झालं ते भीतीनं झाकून ठेवलं, तर साधा बिघाडही सापडत नाही आणि दोष निरपराध्याच्या माथी जातो, म्हणून विचारलं की पहिल्याच खेपेला खरं सांगून मोकळं व्हावं.